एमएस-डॉस: कुठून आलं, कसं टिकलं, कुठे गेलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळा पडदा, डाव्या बाजूला ‘सी:\>’ आणि त्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. हे एमएस-डॉस, मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम. ज्यांनी संगणकाची ओळख तिथून करून घेतली त्यांना डॉसबद्दल जिव्हाळा असतो, जे नंतर आले त्यांना कुतूहल. दोघांकडूनही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती सारखी डोकावणार आहे: डॉसमधल्या जवळजवळ प्रत्येक विचित्र सवयीमागे त्याच्याही आधीचं काहीतरी दडलेलं आहे.

डॉस बिल गेट्सने लिहिलं का?

नाही. ते लिहिलं टिम पॅटरसनने, आणि तेव्हा तो मायक्रोसॉफ्टमध्ये नव्हताच. सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या एका छोट्या कंपनीत तो काम करायचा. या कंपनीने १९७९ साली इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरचं कार्ड बाजारात आणलं. कार्ड चांगलं होतं, पण त्यावर चालवायला ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. त्या काळी चलती होती सीपी/एमची. तिची ८०८६ साठीची आवृत्ती ‘येतेय, येतेय’ असं सगळे ऐकत होते, आणि ती काही येत नव्हती. कार्ड खपेना. शेवटी १९८० मध्ये पॅटरसनने स्वतःच एक सिस्टिम लिहायला घेतली आणि काही महिन्यांत ती चालती केली.

तिचं पहिलं नाव क्यूडॉस. त्यातला ‘क्यूडी’ म्हणजे ‘क्विक अँड डर्टी’, आपल्या भाषेत ‘काम भागवण्यापुरती’. गिऱ्हाइकाला विकताना असं नाव बरं दिसत नाही, म्हणून ते ८६-डॉस झालं. पुढे जगभरच्या कोट्यवधी संगणकांवर जे बसलं ते या काम भागवण्यापुरत्या सिस्टिमचंच वाढलेलं रूप.

मग ती सीपी/एमची नक्कल होती का?

या प्रश्नावर आजही हमरीतुमरी होते. मला पटणारं उत्तर असं: बाहेरून मुद्दाम सारखी ठेवलेली, आतून वेगळी.

सीपी/एम गॅरी किल्डॉलने १९७४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात लिहिली. ८-बिट संगणकांच्या त्या जगात तीच सर्वमान्य सिस्टिम होती, आणि ‘बायोस’ (सिस्टिमच्या खाली राहून यंत्राच्या भागांशी थेट बोलणारा थर) ही कल्पनाही किल्डॉलचीच. तिच्यावर चालणारे भरपूर प्रोग्राम तयार होते. ते ८०८६ वर आणणं सोपं जावं म्हणून पॅटरसनने प्रोग्रामने सिस्टिमला हाक मारायची पद्धत सीपी/एमसारखीच ठेवली. ए आणि बी ही ड्राइव्हची नावं, आठ अक्षरी नाव आणि तीन अक्षरी शेपूट असलेल्या फाइली, ‘.कॉम’ प्रोग्राम मेमरीत ठरावीक अंतर सोडून चढवणं, हे सगळं तिथूनच आलं.

डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत मात्र त्याने सीपी/एमची घेतली नाही. ती घेतली मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिक या प्रोग्रामिंग भाषेतून, आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलली. तीच ही ‘फॅट’: डिस्कचा कोणता तुकडा कोणत्या फाइलीचा आणि त्याच्यानंतरचा तुकडा कुठला, याचा तक्ता. म्हणजे मायक्रोसॉफ्टने जी सिस्टिम विकत घेतली तिच्या पोटात मायक्रोसॉफ्टचीच एक कल्पना आधीपासून बसलेली होती!

एक मजेदार अवशेष सांगतो. सीपी/एमला फाइलीची अचूक लांबी ठाऊक नसायची; ती १२८ बाइटच्या ठोकळ्यांत मोजायची. त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला हे दाखवायला शेवटी कंट्रोल-झेडची खूण टाकावी लागे. डॉसला लांबी बाइटपर्यंत ठाऊक होती, तरी ही खूण राहिलीच. घर बदललं, जुनी सवय सामानाबरोबर आली.

किल्डॉल विमान उडवायला गेला होता म्हणून आयबीएमचा सौदा हुकला, हे खरं का?

अर्धवट. १९८० मध्ये आपल्या नव्या संगणकासाठी सिस्टिम शोधत आयबीएमची माणसं त्याच्या डिजिटल रिसर्च या कंपनीत आली तेव्हा तो सकाळी खरंच आपल्या विमानातून गेला होता, पण मौजेसाठी नव्हे. एका गिऱ्हाइकाकडे कामासाठी. आयबीएमने गुप्ततेचा करार पुढे ठेवला. तो फारच एकतर्फी वाटल्याने किल्डॉलची पत्नी डोरोथी, जी कंपनीचा कारभार पाहायची, सही करायला तयार झाली नाही. नंतर काय बोलणी झाली याबद्दल हजर असलेल्या माणसांच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. विमानाची गोष्ट लोकांना आवडते कारण ती छोटी आणि चटकदार आहे. खरा पेच पैसे घ्यायच्या पद्धतीवर, करारावर आणि वेळेवर होता. आयबीएमला वर्षभरात संगणक बाजारात हवा होता आणि १६-बिट सीपी/एम तयार नव्हती. मग सिस्टिम पुरवायचं काम मायक्रोसॉफ्टकडे गेलं.

पुढे आयबीएमने सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवली, पण पीसी-डॉस, म्हणजे आयबीएमच्या नावाने विकलं जाणारं डॉस, ४० डॉलरला आणि ती २४० डॉलरला. एवढा फरक दिसल्यावर गिऱ्हाईक दुसऱ्या खोक्याकडे वळूनही बघत नाही.

मायक्रोसॉफ्टने डॉससाठी किती पैसे मोजले?

आधी परवान्याचे सुमारे २५ हजार डॉलर, आणि मग जुलै १९८१ मध्ये सगळे हक्क घेण्यासाठी आणखी ५० हजार. आपलं गिऱ्हाईक आयबीएम आहे हे मायक्रोसॉफ्टने विकणाऱ्याला कळू दिलं नव्हतं. पॅटरसन त्याआधीच, मे १९८१ मध्ये, मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाला होता.

सिअ‍ॅटलच्या कंपनीला लुबाडलं असं म्हणतात, पण तिने विकताना एक गोष्ट हातची सोडली नाही: स्वतःच्या यंत्रांबरोबर डॉस फुकट देण्याचा हक्क. काही वर्षांनी तो हक्कच सोन्याचा ठरला. त्यावरून कोर्टकज्जा झाला आणि १९८६ मध्ये तो परत मिळवायला मायक्रोसॉफ्टला ९ लाख २५ हजार डॉलर मोजावे लागले. म्हणजे मूळ किमतीच्या बारापट, तेही तडजोडीत.

पीसी-डॉस आणि एमएस-डॉस यांत फरक काय?

सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. आयबीएमच्या पेटीतून आलं तर पीसी-डॉस, इतरांच्या यंत्राबरोबर आलं तर एमएस-डॉस. पण ‘इतरांच्या’ हा जो शब्द आहे, सगळा इतिहास त्यात आहे.

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. घाईमुळे तो बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून जोडला होता. प्रोसेसर इंटेलचा, सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आयबीएमचं खास म्हणावं असं त्यात फारसं नव्हतं, ते होतं फक्त बायोस. आणि करारात मायक्रोसॉफ्टने डॉस दुसऱ्यांना विकायची मुभा स्वतःकडे ठेवली होती. त्या वेळी आयबीएमला ही सवलत किरकोळ वाटली असणार, कारण दुसरं कोणी असलं यंत्र बनवतच नव्हतं. मग नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने आपला सुटकेससारखा संगणक जाहीर केला. आयबीएमच्या बायोसचा कोड न पाहता, तो काय करतो याच्या वर्णनावरून त्यांनी स्वतःचा बायोस लिहिला होता. १९८४ मध्ये फिनिक्सने असाच बायोस कोणालाही विकायला सुरुवात केली. आता भाग बाजारात, बायोस बाजारात, डॉस बाजारात. आयबीएमच्या हाती नाव तेवढं उरलं.

डॉस जिंकलं ते चांगलं होतं म्हणून नव्हे. ते कराराच्या एका कलमावर जिंकलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एमएस-डॉस असूनही काही संगणकांवर प्रोग्राम चालत नसत, असं का?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण मला तो सगळ्यांत आवडतो.

डॉस हे फाइलींचं काम नीट करायचं. पडद्यावर अक्षर उमटवायचं मात्र इतकं सावकाश की प्रोग्राम लिहिणारे वैतागायचे. मग ते डॉसला आणि बायोसलाही बगल देऊन थेट पडद्याच्या मेमरीत अक्षरं टाकू लागले. जानेवारी १९८३ मध्ये आलेला हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम लोटस १-२-३ झपाट्याने चालायचं त्याचं एक कारण हेच. पण पडद्याची मेमरी नेमकी कुठे आहे हे आयबीएमच्या यंत्रावरून ठरवलेलं. ज्या कंपन्यांनी डॉस घेतलं पण यंत्र आपल्या पद्धतीने, कधी कधी आयबीएमपेक्षा सरस बनवलं, त्यांच्याकडे हे प्रोग्राम चालेनात. टँडी २००० या संगणकाचा प्रोसेसर आयबीएमच्या पीसीपेक्षा कितीतरी वेगवान होता. तरी तोही याच फेऱ्यात सापडला.

त्यामुळे विकत घेताना लोक ‘डॉस आहे का’ असं विचारेनासे झाले. ‘लोटस चालतं का, फ्लाइट सिम्युलेटर चालतो का’ असं विचारू लागले. सुधारणा करणारे मागे पडले आणि हुबेहूब नक्कल करणारे तगले. ऑपरेटिंग सिस्टिम पुरेशी चांगली असती तर तिला बगल देण्याची कोणाला गरजच पडली नसती, आणि मग यंत्रं इतकी एकसारखीही झाली नसती. दोष पथ्यावर पडला, तो असा.

पत्त्यात तिरपी रेघ उलटी का?

युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फोल्डरची नावं सरळ तिरप्या रेघेने जोडतात, डॉसमध्ये उलट्या. कारण डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच. १६० केबीच्या फ्लॉपीत फोल्डर हवेत कशाला? सरळ रेघ तेव्हा आज्ञेला पर्याय जोडायला वापरली गेली, उदाहरणार्थ फाइलींची यादी देणारी ‘डिर’ ही आज्ञा पानापानाने दाखवायला ‘/पी’. मार्च १९८३ मध्ये १० एमबीच्या हार्ड डिस्कचा पीसी एक्सटी आला, त्याच्याबरोबर डॉस २.० आलं आणि त्यात युनिक्सकडे बघून फोल्डर घेतले. तोवर सरळ रेघेची जागा भरली होती. म्हणून उलटी.

गंमत म्हणजे आतल्या आत डॉसला दोन्ही रेघा चालतात. अडतं ते फक्त माणसाने टंकलेल्या आज्ञेत.

आणि हार्ड डिस्क ‘सी’ का? ए आणि बी कुठे गेले?

ती दोन्ही फ्लॉपीची नावं. फ्लॉपी गेली, नावं राखीव राहिली. गावाला गेलेल्या माणसाची खुर्ची मोकळी ठेवावी तसं.

६४० केबीची भानगड काय होती? ‘६४० केबी सगळ्यांना पुरेल’ असं गेट्स म्हणाला होता ना?

म्हणाला नाही असं तो स्वतः सांगतो, आणि म्हणाल्याचा पुरावा कोणाला सापडलेला नाही.

मर्यादा मात्र खरी होती आणि तिचं मूळ यंत्रात होतं. ८०८८ प्रोसेसरला पत्त्यासाठी २० तारा, म्हणजे जास्तीत जास्त १ एमबी. त्यातला वरचा ३८४ केबीचा पट्टा आयबीएमने पडदा, बायोस आणि जोडकार्डांसाठी राखून ठेवला. खाली उरले ६४० केबी. ज्या यंत्राचं सर्वांत स्वस्त मॉडेल १६ केबी मेमरी घेऊन यायचं, त्याला चाळीसपट जागा ठेवली होती. तेव्हा तो चिक्कूपणा कोणालाच वाटला नसता.

पंचाईत पुढे झाली. १९८४ च्या पीसी एटीमधला ८०२८६ प्रोसेसर १६ एमबीपर्यंत पोहोचू शकत होता, पण त्यासाठी त्याला वेगळ्या मोडमध्ये न्यावं लागे आणि तिथे डॉसचे जुने प्रोग्राम चालत नसत. जुने प्रोग्राम हीच तर डॉसची सगळी पुंजी! मग ठिगळं सुरू झाली. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून वरच्या पट्ट्यातल्या ६४ केबीच्या खिडकीतून जास्तीची मेमरी तुकड्या-तुकड्यांनी दाखवायची युक्ती काढली. पुढे हायमेम, ईएमएम३८६, क्यूईएमएम अशी मेमरी सांभाळणारी मंडळी आली. डॉस ५ मध्ये डॉसचाच बराचसा भाग १ एमबीच्या रेषेपलीकडे, एका जेमतेम ६४ केबीच्या फटीत ढकलता येऊ लागला. त्या पिढीतले लोक संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन फाइलींतल्या ओळी खाली-वर करत रात्री घालवायचे; कशासाठी, तर एखादा गेम सुरू व्हायला आणखी १२ केबी हवेत म्हणून. माउसचा ड्रायव्हर ठेवला तर आवाज नाही, आवाज ठेवला तर माउस नाही. हे कोडं सुटल्यावर होणारा आनंद गेम खेळण्यापेक्षा जास्त असायचा, हे कबूल करायला हरकत नाही.

१९९३ च्या डूम या गेमने हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला: प्रोसेसरला ३२-बिट मोडमध्ये न्यायचं आणि डॉसकडे फक्त फाइलींपुरतं परत यायचं. तोवर डॉस हे घरातल्या म्हाताऱ्या कारभाऱ्यासारखं झालं होतं. किल्ल्या त्याच्याकडे, कामं दुसरेच करतात.

महत्त्वाच्या आवृत्त्या कोणत्या?

२.० ही खरी मोठी उडी, वर आलंच आहे. ३.३ (१९८७) भरवशाची, १.४४ एमबीची छोटी फ्लॉपी हिच्यापासून. ४.० (१९८८) मध्ये ३२ एमबीपेक्षा मोठे पार्टिशन करायची सोय आली, पण चुका इतक्या की लोक ३.३ ला चिकटून राहिले. ५.० (जून १९९१) माझ्या मते सर्वांत उत्तम: मेमरीची सोय, पूर्ण पडद्याचा एडिटर, क्यूबेसिक ही प्रोग्रामिंग भाषा आणि पुसलेली फाइल परत आणायची आज्ञा. ६.२२ (१९९४) ही स्वतंत्रपणे विकलेली शेवटची.

पुसलेली फाइल परत कशी यायची?

कारण ती पुसलेलीच नसायची. डॉस यादीतल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण टाकायचं आणि तक्त्यात त्या जागा मोकळ्या दाखवायचं. मजकूर डिस्कवर तसाच. दुसरं काही त्यावर लिहिलं गेलं नसेल तर खूण काढली की फाइल हजर. म्हणूनच परत आणणारा प्रोग्राम ‘पहिलं अक्षर काय होतं?’ असं विचारायचा. पीटर नॉर्टनचं नाव घरोघरी झालं ते १९८२ पासून या एका युक्तीवर.

डबलस्पेसचा खटला काय होता?

मार्च १९९३ च्या डॉस ६.० मध्ये डिस्कवरचा मजकूर आपोआप दाबून जागा वाढवणारी डबलस्पेस ही सोय होती. स्टॅक नावाची कंपनी हेच काम करणारा प्रोग्राम विकायची; तिने पेटंटचा दावा लावला. फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्युरीने स्टॅकला १२ कोटी डॉलर द्यायला सांगितले, आणि मायक्रोसॉफ्टच्या उलट दाव्यावर स्टॅकलाही १ कोटी ३६ लाखांचा भुर्दंड बसला. ६.२१ मधून ही सोय काढली गेली, ६.२२ मध्ये ड्राइव्हस्पेस या नावाने वेगळ्या पद्धतीने परत आली.

डीआर-डॉस एमएस-डॉसपेक्षा चांगलं होतं का?

१९९० मध्ये तरी हो. किल्डॉलच्या कंपनीने १९८८ मध्ये डॉसशी जुळणारी स्वतःची सिस्टिम काढली. ज्याची नक्कल झाली असं तो म्हणायचा, त्यानेच आता नक्कल करणाऱ्याची नक्कल केली. तिच्या ५.० आवृत्तीत मेमरीची जी सोय होती ती एमएस-डॉसमध्ये वर्षभराने आली. पण विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत असा कोड सापडला जो खालचं डॉस परकं आहे का ते हुंगायचा आणि असेल तर गूढ त्रुटी दाखवायचा. कोड सांकेतिक रूपात लपवलेला होता. विक्रीसाठी आलेल्या आवृत्तीत तो बंद ठेवला होता, पण मनात शंका पेरायची ती पेरली गेली. पुढे डीआर-डॉसचे हक्क घेतलेल्या कॅल्डेराने १९९६ मध्ये दावा लावला आणि २००० च्या जानेवारीत तो कोर्टाबाहेर मिटला.

‘कॉन’ नावाचा फोल्डर का बनत नाही? त्यात काही रहस्य आहे का?

रहस्य नाही, वारसा आहे. कॉन म्हणजे कन्सोल, कीबोर्ड आणि पडदा मिळून. डॉसमध्ये उपकरणांना फाइलीसारखी नावं होती: कॉन, प्रिंटरसाठी पीआरएन, कशातही न जाणाऱ्या मजकुरासाठी एनयूएल. ‘कॉपी कॉन’ म्हणून पुढे फाइलीचं नाव दिलं की थेट टंकून फाइल बनवता यायची. फोल्डर नव्हते त्या काळी ठरलेली ही नावं. फोल्डर आल्यावर ती प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव झाली, आणि विंडोजनेही ती पाळली.

विंडोज ९५ डॉसवरच चालायचं का?

सुरू डॉसवरून व्हायचं, त्याच्या आत डॉस ७.० होतं. पण एकदा उठलं की बहुतेक कामं स्वतःच्या ३२-बिट भागांकडून करायचं. विंडोज ९८ तसंच. २००० सालच्या विंडोज एमईने डॉस लपवलं, काढलं नाही. २००१ च्या एक्सपीपासून घरगुती विंडोजही एनटीच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉसपासून वेगळ्या सिस्टिमच्या, पायावर गेली, आणि तिथे खाली डॉस नाहीच. आज जी काळी कमांड खिडकी उघडते ती विंडोजचाच एक प्रोग्राम आहे. आज्ञा जुन्या वळणाच्या, घराणं वेगळं.

आज डॉस चालवता येईल का? मूळ कोड बघता येईल का?

दोन्ही येईल. जुने गेम हवे असतील तर डॉसबॉक्स हा प्रोग्राम. खरंखुरं डॉस हवं असेल तर फ्रीडॉस: मायक्रोसॉफ्ट डॉस गुंडाळणार हे दिसल्यावर जिम हॉल या विद्यार्थ्याने जून १९९४ मध्ये त्याची घोषणा केली, आणि ते आजही चालू आहे. बायोस अद्ययावत करायला आणि जुनी यंत्रं चालवायला लोक ते वापरतात.

मूळ कोडचं म्हणाल तर १.१ आणि २.० या आवृत्त्या २०१४ मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने प्रसिद्ध केल्या, २०१८ मध्ये त्या गिटहब या संकेतस्थळावर मुक्त परवान्याने आल्या आणि २०२४ मध्ये ४.० ची भर पडली. तो ज्या असेंब्ली भाषेत आहे ती येत नसेल तरी लिहिणाऱ्यांनी मध्येमध्ये टाकलेल्या शेऱ्यांसाठी तो जरूर चाळा.

डॉसचं आता काय शिल्लक आहे?

वाटतं त्यापेक्षा बरंच. आजचा पीसी चालू होताना जिथून पहिला प्रोग्राम उचलतो तो डिस्कचा छोटा भाग फॅट पद्धतीचाच असतो. फॅटमध्ये फाइल शेवटची केव्हा बदलली याची नोंद १९८० पासून सुरू होते आणि दोन-दोन सेकंदांनी पुढे सरकते, कारण वेळेसाठी दोनच बाइट होते. साठ सेकंद त्यात मावले नाहीत, तीस मावले. आणि विंडोजची कुठलीही ‘.ईएक्सई’ फाइल एडिटरमध्ये उघडली तर पहिली दोन अक्षरं दिसतील ‘एमझेड’. डॉस २.० वर काम करणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्कीने स्वतःची आद्याक्षरं तिथे घातली होती.